चौथं कलम

“मावशी, सहा महिन्यांचं बाळ आहे. ताप आलाय,” काचेपलीकडून ध्वनिमुद्रक इम्तियाजभाईंचा आवाज आला.

फिलूमावशींनी हेडफोन एका कानावरून बाजूला सारला. “कितव्या दिवसाचा ताप?”

मला हसू आलं. डबिंग स्टुडिओतला माझा तो दुसराच दिवस होता आणि वही-पेन घेऊन मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. पण दुसरं कुणी हसलं नाही. इम्तियाजभाईंनी पडद्यावरचं दृश्य मागे नेलं. आई बाळाला खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होती. ते पुन्हा एकदा बघून ते म्हणाले, “तिसरा धरा.”

“मग बसून करते. तिसऱ्या दिवशी जोर राहत नाही अंगात.”

अठ्ठावन्न वर्षांच्या त्या ठेंगण्या बाईंनी माईक खाली ओढून घेतला, खुर्चीत अंग सैल सोडलं, पदराचं टोक ओठांवर धरलं आणि रडायला सुरुवात केली.

मी घरातलं थोरलं मूल. माझ्यामागे चार भावंडं झाली, त्यांचं रडणं ऐकतच मी वाढले. तरी सांगते, ते बाईचं रडणं नव्हतं. आधी नुसती कुरकुर. मग एक लांब हुंदका, तो मध्येच तुटला, कारण श्वास पुरला नाही. मग काहीच नाही. आणि त्या गप्प होण्याची मला भीती वाटायला लागली, तेवढ्यात पुन्हा बारीक कुरकुर.

माझ्या शेजारी वनिता साटम उभी होती. गर्दीतले बायकांचे आवाज, शाळकरी मुलांचे आवाज ती करायची. तिने एकदम ओढणी छातीशी घट्ट धरली आणि दार ढकलून बाहेर गेली. मला वाटलं, तिला बरं वाटत नाहीये. टेक संपल्यावर ती परत आली तेव्हा तिच्या अंगात दुसराच कुर्ता होता.

“माझं चार महिन्यांचं घरी आहे,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “मावशी रडल्या की दूध येतं मला. कितीदा ठरवलं की नाही ऐकायचं. म्हणून आता जास्तीचा कुर्ता घेऊनच येते.”

ते मी वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

ही गोष्ट २००९ सालची. मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूची. विभावरी गिराम. मुंबईतल्या एका संस्थेत संस्कृती, माध्यमं आणि सर्जक उद्योग या विषयात एम.ए. करत होते. वडील एस.टी.त कंडक्टर होते. विषयाचं नाव त्यांना पूर्ण सांगता यायचं नाही. गावात कुणी विचारलं तर म्हणायचे, “पोरगी उद्योगाचं शिकते.” मी प्रबंधाला विषय घेतला होता डबिंग कलाकारांचा. पडद्यावर ज्यांचं नाव येत नाही, त्यांच्या आवाजाचे श्रम. शीर्षक इंग्रजीत होतं आणि माझ्या मार्गदर्शकांना फार आवडलं होतं.

फिलूमावशी, म्हणजे फिलोमिना तुस्कानो, वसईजवळच्या गिरीज गावच्या. तीस वर्षं त्या सिनेमांत, मालिकांत, जाहिरातींत लहान बाळांचं रडणं करत होत्या. खरं बाळ का नाही रडवत, असं मी इम्तियाजभाईंना विचारलं होतं. ते म्हणाले, “माईक आणला की गप्प होतं, माईक नेला की रडतं. आणि रडलं तरी ओठांशी कुठे जुळतं?” पुढे त्यांनी आवाज खाली आणला. “शिवाय मावशी कधीच दोन बाळं सारखी करत नाहीत. तीस वर्षांत एकदाही नाही.”

हे त्या शिकल्या कुठे, हे त्यांनीच मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. स्टुडिओच्या मागच्या गॅलरीत आम्ही डबे उघडून बसलो होतो.

“आम्ही आठ भावंडं. मी थोरली. आई पहाटे भाजी आणि फुलं घेऊन मुंबईला जायची, यायची ती दिवस मावळताना. दिवसभर बाळं माझ्याकडे. आली की टोपली उतरायच्या आधी विचारायची, धाकटा कसा रडला? आता कसा रडला हे सांगणार कसं? मी रडून दाखवायची. ती डोळे मिटून ऐकायची. म्हणायची, कान आहे. नाहीतर, पोट आहे, ओवा दे. कधी म्हणायची, काही नाही, माझी आठवण आली त्याला.”

“आणि ते बरोबर असायचं?”

“आईचं कधी चुकलं नाही. माझं एकदा चुकलं.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “चल, पोळी संपव. इम्तियाज बोलावतोय.”

आमच्या अभ्यासक्रमात सहा आठवडे एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम करण्याची अट होती. मला मिळालेली कंपनी ध्वनिसंग्रह तयार करायची. पाऊस, दारं, बाजार, शाळेची घंटा, हजारो आवाज ध्वनिमुद्रित करून ते सिनेमावाल्यांना विकायची. तिचे प्रमुख पराग मेहेंदळे. चाळिशीचे, हुशार, आवाजांवर खरंच जीव असलेले. नागपूरची आणि कोल्हापूरची सायकलची घंटा ते डोळे मिटून ओळखायचे. मी त्यांच्याकडे आवाजांच्या नोंदी करायचे. एक दिवस वनिताच्या कुर्त्याची गोष्ट मी त्यांना सांगितली. अभिमानाने सांगितली, जसं काही ते कसब माझंच होतं.

ते खुर्चीत पुढे सरकले. “या बाईंना इथे आणता येईल?”

“येईल की.”

“दोन दिवस. जन्मलेल्या बाळापासून तीन वर्षांच्या मुलापर्यंत. भूक, ताप, भीती, हट्ट, सगळं. एकदा संग्रहात आलं की कायमचं राहील. आणि विभावरी, हा विभाग तूच सांभाळ. जूनपासून इथेच ये. प्रबंध झाला की लगेच.”

त्याच संध्याकाळी मी वडिलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी निम्म्या सेलूला कळलं होतं की गिराम कंडक्टरच्या पोरीला मुंबईत नोकरी लागली.

फिलूमावशींना सांगितलं तेव्हा त्या लाजल्या. “माझं रडणं ठेवून घेणार? कशाला?” म्हणाल्या. पण आल्या. सोमवारी, इस्त्रीची साडी नेसून, केसांत अनंताचं फूल माळून. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. पराग सरांनी उठून त्यांना नमस्कार केला, स्वतः स्टुडिओ दाखवला, गुरुवार-शुक्रवार ध्वनिमुद्रण ठरलं. मग त्यांनी माझ्याकडे दोन पानांचं करारपत्र दिलं.

“इंग्रजीत आहे. तू मराठीत सांग त्यांना. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा.” दाराशी थांबून ते हलक्या आवाजात म्हणाले, “चौथ्यावर फार वेळ घालवू नकोस. उगाच घाबरतात लोक.”

ती पानं मी सकाळीच वाचली होती. पहिल्या कलमात ध्वनिमुद्रणाची तारीख आणि जागा. दुसऱ्यात मानधन, एकदाच मिळणारं. तिसऱ्यात लिहिलं होतं की हे आवाज कंपनी कुठेही, कितीही वेळा वापरेल. आणि चौथ्यात होतं की पुढची पाच वर्षं कलाकाराने असा आवाज दुसऱ्या कुठल्याही स्टुडिओला, सिनेमाला, मालिकेला द्यायचा नाही. म्हणजे फिलूमावशींनी पाच वर्षं रडायचं नाही. त्या दुसरं काही करतच नव्हत्या.

आम्ही दोघी बैठकीच्या खोलीत समोरासमोर बसलो. मी पहिलं कलम वाचून मराठीत सांगितलं. दुसरं सांगितलं. तिसरं सांगितलं. मग माझे डोळे चौथ्यावर गेले. मला आठवतं, बाहेर कुणीतरी झेरॉक्स काढत होतं, त्या यंत्राचा खर्र खर्र आवाज येत होता. त्या यंत्राचं एक पान बाहेर पडेपर्यंत मी गप्प होते.

“बाकी नेहमीचंच आहे, मावशी,” मी म्हणाले. “कायद्याची भाषा.”

“हं.” त्यांनी पानाकडे पाहिलं. माझं बोट जिथे थांबलं होतं तिथे पाहिलं. “कायद्याची भाषा लांब असते म्हणतात. तू तर लवकर संपवलीस.”

“महत्त्वाचं तेवढं सांगितलं.”

“बरं केलंस.” त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. “सही उद्या-परवा करते. चष्मा घरी राहिला गं माझा.”

चष्मा त्यांच्या छातीवर लोंबत होता. मला तो दिसत होता, आणि मला तो दिसतोय हे त्यांनाही दिसत होतं. मी म्हणाले, “काही हरकत नाही.”

मंगळवार-बुधवार मी कसे काढले ते नको विचारायला. स्वतःची समजूत घालत होते. पाच वर्षांनी त्या त्रेसष्टच्या होतील, तसंही काम कमीच होईल. आणि आवाज कायमचे राहतील, हे काय थोडं आहे? प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच दोन दिवसांत पुरं केलं. ते कलाकारांच्या शोषणावर होतं.

गुरुवारी सकाळी दहाला त्या आल्या. पराग सर, मी आणि त्या, तिघंच खोलीत. त्यांनी पर्समधून घडी काढून टेबलावर ठेवली. सही नव्हती.

आता सांगणार, मला वाटलं. आणि सांगायलाच हवं होतं.

“साहेब,” फिलूमावशी म्हणाल्या, “ही पोर फार नीट समजावते. एकेक शब्द सांगितला मला. चौथं कलमसुद्धा. दोनदा सांगितलं. मला कळेपर्यंत सोडलं नाही.”

पराग सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता की आश्चर्य, हे मला आजही ठरवता येत नाही. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

“पण ते चौथं मला नाही जमणार,” त्या पुढे म्हणाल्या. “ते काढा. आणि आवाज माझा आहे तर नाव माझं लिहा. मग दोन दिवस काय, चार दिवस देते. जन्मल्या घडीपासून सगळं रडते तुमच्यासाठी.”

“मावशी, पाचची तीन वर्षं करू. तुमच्यासाठी म्हणून.”

“साहेब, मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. तुमची तीन वर्षं आणि माझी तीन वर्षं सारखी नाहीत.”

“नावाचंही अवघड आहे. संग्रहात नुसते क्रमांक असतात. तशी पद्धत आहे.”

“असेल की. मी कुठे नाही म्हणते? पण बाळाला क्रमांक कुणी ठेवत नाही.”

पराग सर हसले. मनापासून हसले, हेही सांगायला हवं. मग म्हणाले, “वकिलांना विचारावं लागेल.”

“विचारा. घाई नाही मला.” त्या उठल्या, पदर सारखा केला, हात जोडले. “स्टुडिओ छान आहे तुमचा. खूप शांत आहे.”

मी त्यांच्यामागे धावले. त्या लिफ्टने गेल्या नव्हत्या. जिन्यावर, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी त्यांना गाठलं. “मावशी,” म्हणाले आणि पुढचं काही बोलायच्या आधी मला रडू कोसळलं. भिंतीला टेकून मी रडत होते. त्या एका पायरीवर थांबून ऐकत होत्या. मान किंचित कलती, डोळे अर्धवट मिटलेले, टेकच्या आधी बसायच्या तशा.

“हे पकडलं गेल्याचं रडणं आहे, बाय,” त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. रागाने नव्हे, नुसतं सांगावं तसं. “होऊ दे. आधी हेच येतं.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मिनेझिस मास्तरांनी वाचून दाखवलं. आमच्या गावच्या शाळेतले. पण मला त्याआधीच कळलं होतं. तू श्वास घेतलास आणि बोलली नाहीस. आम्ही श्वासाचंच तर खातो.”

“मग आत खोटं का बोललात? माझ्यासाठी?”

त्या पायरीवर बसल्या. मलाही बसायची खूण केली.

“माझा एक भाऊ आहे, राफाएल. त्या दिवशी मी सांगत होते ना, माझं एकदा चुकलं. तो आठ महिन्यांचा होता, मी अकरा वर्षांची. दिवसभर रडला. संध्याकाळी आई आली, म्हणाली, कसा रडला? बाहेर पोरी लगोरी खेळत होत्या. मी अर्धंच रडून दाखवलं. शेवटची किंकाळी असायची ना, ती केलीच नाही. म्हटलं, भुकेचं रडतोय, दुसरं काय. आणि पळाले. आठ दिवसांनी त्याच्या कानातून पू आला. डाव्या कानाने त्याने पुन्हा कधी ऐकलंच नाही.”

खाली कुणीतरी जिन्याचं दार उघडून पुन्हा लावलं.

“दवाखान्यात डॉक्टर आईला ओरडला. इतके दिवस काय करत होता म्हणाला. माझी आजी, मावश्या, सगळी होती तिथे. मला वाटलं, आता आई माझं नाव घेणार. आई म्हणाली, पोरीने मला सगळं सांगितलं होतं. सगळं रडून दाखवलं होतं. मीच दुर्लक्ष केलं.” फिलूमावशींनी गुडघ्यावरची साडी हाताने सपाट केली. “मला मारलं असतं तर मी विसरले असते. त्यानंतर कुठलंच रडणं मी अर्धं केलं नाही. आजपर्यंत नाही.”

त्या उठल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कठड्याला धरून सावकाश खाली उतरल्या. त्यांनी मला माफ केलं की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

वकिलांचं उत्तर आलं नाही. त्याऐवजी पुढच्या बुधवारी वनिता आली.

मी नोंदींच्या टेबलावर होते. तिने मला लांबूनच हात केला. खूश होती. पराग सरांनी तिला बोलावलं होतं. मावशींइतकं नाही, पण तीही बाळाचं बऱ्यापैकी करायची, आणि दोन वर्षांच्या मुलाचा हट्ट तर फारच छान. बैठकीच्या खोलीत पराग सर तिच्याशी बोलत होते, दार उघडं होतं. दोन पानं टेबलावर होती. तीच पानं.

“इथे आणि इथे सही,” ते म्हणाले.

वनिताने पेन घेतलं.

मी उठले. आत जाऊन उभी राहिले. मी मोठ्याने बोलले. “वनिता, थांब. मी वाचून दाखवते.”

“विभावरी, त्यांना समजावलंय मी,” पराग सर म्हणाले.

“हो सर. फक्त एकदा.” मी पान उचललं आणि सरळ चौथ्या कलमापासून सुरुवात केली. आधी इंग्रजी, मग मराठी. पाच वर्षं. कुठलाही स्टुडिओ. कुठलाही सिनेमा. कुठलीही मालिका. कुठलीही जाहिरात.

“विभावरी, पुरे.”

मी थांबले नाही. चौथं झाल्यावर तिसरं वाचलं, मग दुसरं, मग पहिलं. उलटं वाचतेय हे माझ्या नंतर लक्षात आलं.

वनिताने पेनाचं टोपण लावलं. “म्हणजे पाच वर्षं मी कुठेच रडायचं नाही?”

“नाही.”

“आणि हसायचं?”

“बाळाचं हसणंही नाही. खाली लिहिलंय.”

ती पराग सरांकडे वळली. “सर, मग मी घरी काय करू? माझं बाळ मलाच बघून शिकतंय.” आणि तिला हसू फुटलं. भीती वाटली की तिला हसू यायचं. कागद तिथेच ठेवून ती गेली.

पराग सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी ओरडा खायच्या तयारीने गेले. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

“त्या तुस्कानो बाईंनाही तू असंच वाचून दाखवलं होतंस तर.”

तेव्हा हो म्हणणं किती सोपं होतं. त्या बाईंनी माझ्यासाठी ते तयार करूनच ठेवलं होतं.

“नाही सर,” मी म्हणाले. “त्यांना मी चौथं वाचून दाखवलं नव्हतं. तुम्ही सांगितलं म्हणून नाही. मला जून महिना हवा होता म्हणून.”

त्यांनी पेपरवेट खाली ठेवलं. “नोंदी फार छान करत होतीस तू,” ते म्हणाले. एवढंच. सहा आठवडे पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र त्यांनी दिलं, एक दिवसही कमी न धरता. जूनचा विषय पुन्हा निघाला नाही. सेलूला फोन करून वडिलांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “तुझं काही चुकलं का?” मी म्हणाले, “चुकलं होतं.” त्यांनी पुढे विचारलं नाही.

तिसरं प्रकरण मी फाडून पुन्हा लिहिलं.

मे महिन्यात तोंडी परीक्षा होती. आमच्या संस्थेत ती सगळ्यांसाठी खुली असायची. मी वनिताला आणि फिलूमावशींना बोलावलं होतं, येतील असं वाटलं नव्हतं. पण मागच्या रांगेत पाच बायका येऊन बसल्या. मावशी, वनिता आणि डबिंगच्या आणखी तिघी. वनिताच्या मांडीवर बाळ झोपलेलं. बाहेरून आलेले परीक्षक दिल्लीचे, पण मूळचे सोलापूरचे. इंग्रजीत प्रश्न विचारता विचारता मराठीवर यायचे.

त्यांनी प्रबंध उघडून पान काढलं. “इथे तुम्ही लिहिलंय की एका प्रशिक्षणार्थीने कलाकाराला चौथं कलम मुद्दाम वाचून दाखवलं नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्या प्रशिक्षणार्थीशी तुम्ही बोललात?”

मी मागच्या रांगेकडे पाहिलं. फिलूमावशी माझ्याकडेच बघत होत्या. चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मला वाचवण्याचा विचारही दिसत नव्हता.

“ती मीच, सर.”

परीक्षकांनी चष्मा काढला. “मग तसं लिहिलं का नाही?”

“भीती वाटली.”

“आता?”

“आताही वाटतेय. पण बदलते. ‘मी’ असं लिहिते.”

त्यांनी पेन्सिलीने त्या शब्दाखाली रेघ मारली आणि पान उलटलं. आणखी पाऊण तास प्रश्न चालले. शेवटी रिवाज म्हणून ते सभागृहाकडे वळले. “आणखी कुणाला काही विचारायचंय?”

एरवी सभागृहातून कुणी कधी काही विचारत नसे. फिलूमावशी उभ्या राहिल्या.

“मला विचारायचंय. या पोरीने आमच्याबद्दल एवढं जाड पुस्तक लिहिलं, फार चांगलं झालं. पण ते इंग्रजीत आहे. आमच्यापैकी कुणाला वाचता येत नाही. तो कागदही इंग्रजीतच होता.” त्या जरा थांबल्या. “तर तो कागद मराठीत कधी मिळणार? सगळा. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

परीक्षक माझ्याकडे वळले. “बोला. हा प्रश्न माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा चांगला आहे.”

“सोमवारी,” मी म्हणाले.

गेली बारा वर्षं मी हेच काम करते. आवाजाचे, नाचाचे, पडद्यामागचे कलाकार सही करायच्या आधी कागद घेऊन माझ्याकडे येतात आणि मी तो त्यांना मराठीत करून देते. कुणी त्याला नोकरी म्हणतं, कुणी समाजकार्य. मी त्याला काही नाव दिलेलं नाही. फिलूमावशी त्या मे महिन्यानंतर आणखी सात वर्षं रडल्या, वेगवेगळ्या स्टुडिओंत, दर वेळी वेगळं बाळ. पराग सरांनी चौथं कलम काढलं ते पुढच्या वर्षी. मग मावशी तिथे गेल्या आणि चार दिवस देऊन आल्या.

पण ते सगळं नंतरचं. त्या सोमवारी मी गिरीजला गेले. दोन पानांच्या इंग्रजी कागदाची मराठीत चार पानं झाली होती. रविवारभर शब्दकोश घेऊन बसले होते आणि माझ्या भाषेवर मी खूश होते. मावशींच्या घरासमोर केळीच्या बागेला पाणी सोडलेलं होतं. ओट्यावर राफाएल बसला होता. पन्नाशीला टेकलेला, दांडगा माणूस. मी नमस्कार केला तेव्हा त्याने उजवा कान माझ्याकडे वळवला.

मावशींनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागल्या, शाळेतल्या मुलीसारखं, शब्द तोडून. चौथ्या ओळीवर अडल्या.

“हस्तां… हस्तांतरित. हे काय गं?”

“म्हणजे हक्क कंपनीकडे जातात.”

“मग तसं लिही ना. हे खोड.”

मी पेन काढलं. “काय लिहू?”

त्यांनी राफाएलकडे पाहिलं, बागेतल्या पाण्याकडे पाहिलं, विचार केला.

“लिही, एकदा दिलं की परत मागता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि मोठ्या अक्षरात लिही. वनिताला बारीक दिसत नाही.”